मोटर-यॉट : जुन्या नौकेची देखभाल व सुधारणा

मोटर-यॉट : एंजिनाच्या शक्तीवर चालणारी, आत राहण्याची सोय असलेली आणि मालकाच्या विहारासाठी वा प्रवासासाठी वापरली जाणारी खासगी नौका. ‘यॉट’ हा शब्द मूळ डच भाषेतील असून त्याचा संबंध ‘शिकार’, ‘पाठलाग’ या अर्थाच्या शब्दाशी आहे. वेगवान हलक्या गलबतांना हॉलंडमध्ये हे नाव होते. १६६० मध्ये ॲम्स्टरडॅम शहराने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला अशी एक नौका भेट दिली आणि तेव्हापासून हा शब्द व हा छंद इंग्लंडमध्ये रूढ झाला. प्रथम शिडांवर, नंतर वाफेवर व विसाव्या शतकात पेट्रोल आणि डीझेल एंजिनांवर या नौका चालू लागल्या. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ मध्ये झाली.

काळजी घेतलेली नौका तिच्या पहिल्या मालकापेक्षा अधिक काळ टिकते. १९१२ मध्ये बांधलेली ‘सनडाउनर’ ही सु. १७·७ मी. लांबीची लाकडी नौका याचे चांगले उदाहरण आहे. आरमाराच्या कामातून निवृत्त झालेली ही होडी चार्ल्स लायटोलर यांनी विकत घेऊन तिचे मोटर-यॉटमध्ये रूपांतर केले. बुडालेल्या ‘टायटॅनिक’ जहाजावरील वाचलेल्या अधिकाऱ्यांत ते सर्वांत वरिष्ठ होते. १ जून १९४० रोजी याच नौकेतून त्यांनी डंकर्कच्या किनाऱ्यावरून सव्वाशेहून अधिक सैनिक इंग्लंडला सुखरूप आणले. त्या मोहिमेतील अनेक खासगी नौका ऐंशी वर्षांनंतरही पाण्यावर होत्या, त्या त्यांच्या मालकांनी केलेल्या अखंड देखभालीमुळेच.

बांधणीतील स्थित्यंतर : १९५० पर्यंत बहुतेक मोटर-यॉट लाकडाच्या असत. त्यानंतर काचतंतू व रेझीन यांपासून केलेल्या प्रबलित प्लॅस्टिकचा वापर वाढला. अमेरिकेतील हॅटरस कंपनीने १९६० मध्ये या द्रव्याची ४१ फुटी नौका पाण्यात उतरविली. हाँगकाँग व पुढे सिंगापूर येथे बांधल्या गेलेल्या ‘ग्रँड बँक्स’ या प्रसिद्ध नौका प्रथम लाकडी होत्या, १९७३ पासून त्या काचतंतूंच्या झाल्या. जुन्या नौकांच्या बाजारात आज आढळणाऱ्या नौकांपैकी पुष्कळशा १९७० ते १९९० या काळातील आहेत. त्यांचे तळ जाड व मजबूत असले, तरी टाक्या, नळ, तारा व एंजिनाचे सुटे भाग यांचे आयुष्य तळाइतके नसते. जुन्या नौकेच्या देखभालीचा प्रश्न मुख्यतः या विषमतेतून उद्भवतो.

खर्चाचे स्वरूप : जुनी नौका स्वस्तात मिळते, पण तिची देखभाल स्वस्तात होत नाही. धक्क्याचे भाडे, तळाचा रंग, एंजिनाचे भाग आणि कारागिरांची मजुरी ही नौकेच्या आकारावर अवलंबून असतात, तिच्या विक्रीच्या किंमतीवर नव्हे. म्हणून नव्या नौकेच्या दशांश किंमतीत घेतलेल्या जुन्या नौकेचा वार्षिक खर्च नव्या नौकेइतका किंवा त्याहून जास्त येऊ शकतो. खरेदीतच सर्व पैसा गुंतविणारा मालक पुढे दुरुस्त्या लांबणीवर टाकतो आणि लांबणीवर टाकलेल्या दुरुस्त्या समुद्रात धोक्याचे रूप घेतात.

खरेदीपूर्व तपासणी : तज्ञ सर्वेक्षकाकडून नौका पाण्याबाहेर काढून तपासून घेणे आवश्यक असते. सर्वेक्षक लहान हातोडीने तळ व डेक ठोकून पाहतो. घट्ट भागाचा आवाज खणखणीत, तर थर सुटलेल्या किंवा आतील लाकूड कुजलेल्या भागाचा आवाज बद्द येतो. आर्द्रतामापकाने ओलाव्याचा अंदाज येतो. त्यानंतर नौका समुद्रात चालवून पाहतात. थंड एंजिन सुरू करतानाचा धूर बरेच काही सांगतो : निळा धूर वंगण तेल जळत असल्याचे, काळा धूर अतिरिक्त भाराचे किंवा हवेच्या कमतरतेचे, तर न विरणारा पांढरा धूर न जळलेल्या इंधनाचे वा सिलिंडरात पाणी शिरल्याचे लक्षण असते. पूर्ण इंधन देऊनही एंजिन ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नसेल, तर पंखा अयोग्य मापाचा आहे, तळ शेवाळला आहे किंवा एंजिन थकले आहे, असे समजावे. वंगण तेलाच्या रासायनिक परीक्षणात आढळणाऱ्या धातूंच्या सूक्ष्म कणांवरून आतील झीज कळते.

कामांचा अग्रक्रम : नवा मालक बहुधा गाद्या, पडदे व नवी उपकरणे यांपासून सुरुवात करतो. हा क्रम चुकीचा आहे. प्रथम नौका तरंगत ठेवणाऱ्या गोष्टी, नंतर आग टाळणाऱ्या, त्यानंतर चालना व सुकाणू यांसंबंधीच्या, मग डेकमधून होणारी गळती आणि सर्वांत शेवटी सुखसोयी, असा क्रम ठेवावा.

पाणी आत येण्याचे मार्ग : पुष्कळ नौका वादळात नव्हे, तर धक्क्याला बांधलेल्या स्थितीतच बुडतात. एंजिन थंड ठेवण्यासाठी व सांडपाण्यासाठी तळाला छिद्रे असून त्यांना झडपा व रबरी नळ्या जोडलेल्या असतात. ३८ मिमी. व्यासाची नळी जलरेषेखाली ६० सेंमी. खोलीवर तुटली, तर मिनिटाला सु. १४० लि., म्हणजे तासाला सु. ८,४०० लि. पाणी आत येते. तळातील सामान्य विद्युत् पंप इतके पाणी क्वचितच उपसू शकतो, कारण त्यावर लिहिलेली क्षमता पाणी वर चढवावे न लागता मोजलेली असते. म्हणून पंप वाढविण्यापेक्षा नळ्या बदलणे श्रेयस्कर ठरते. जलरेषेखालील प्रत्येक नळीला अगंज पोलादाचे दोन पट्टे लावतात आणि झडपा वर्षातून अनेकदा उघडझाप करून मोकळ्या ठेवतात. सामान्य पितळी झडपांतील जस्त समुद्राच्या पाण्याने निघून जाते, धातू गुलाबी व ठिसूळ होतो आणि हाताच्या जोरानेही मोडतो. अशा झडपा काढून काशाच्या बसवितात. प्रत्येक झडपेजवळ योग्य मापाची लाकडी गुडदी बांधून ठेवण्याची जुनी पद्धत आजही तितकीच उपयुक्त आहे. पंख्याचा दंड जेथून तळाबाहेर जातो तेथील परंपरागत वेष्टनातून नौका चालू असताना दर मिनिटास काही थेंब पाणी यावे, कारण त्याने वेष्टन थंड राहते. उभ्या नौकेत मात्र ही गळती जवळजवळ थांबली पाहिजे.

धातूंचा क्षय : खारे पाणी विद्युत् संवाहक असल्याने त्यात बुडालेल्या व परस्परांशी जोडलेल्या दोन भिन्न धातूंचा घट तयार होतो आणि त्यांपैकी अधिक क्रियाशील धातू झिजतो. काशाचा पंखा व पोलादी दंड वाचविण्यासाठी त्यांना जस्ताचे तुकडे जोडतात. जस्त स्वतः झिजून इतर धातूंचे रक्षण करते. समुद्रात जस्त किंवा ॲल्युमिनियम व गोड्या पाण्यात मॅग्नेशियम वापरतात. निम्मा तुकडा झिजला की तो बदलतात. तो नेहमीपेक्षा फार लवकर संपत असेल, तर विजेची गळती शोधली पाहिजे, आणि मुळीच झिजत नसेल, तर जोडणी तुटली आहे असे मानावे. धक्क्यावरून वीज घेणाऱ्या नौका जमिनीच्या तारेने एकमेकींशी जोडल्या जातात व शेजारच्या नौकेमुळेही क्षय होतो. तो टाळण्यासाठी अलगीकरण रोहित्र बसवितात. अगंज पोलादही निर्धोक नाही. ओल्या लाकडात, हवेविना राहिलेले त्याचे खिळे व दंड फटींमध्ये खोलवर खातात व बाहेरून चकचकीत दिसत असतानाच तुटतात.

तळ व डेक : काचतंतूंच्या तळात बाहेरील चकचकीत थरामधून पाणी अतिशय सावकाश झिरपते. आतील विद्राव्य पदार्थांशी त्याचा संयोग होऊन आम्लधर्मी द्रव तयार होतो व त्याच्या दाबाने पृष्ठभागावर फोड येतात. फोड फोडल्यास व्हिनेगरसारखा वास येतो. थोडे फोड साफ करून इपॉक्सीने भरता येतात. सर्वत्र पसरलेल्या फोडांसाठी बाहेरील थर काढून, तळ गोड्या पाण्याने वारंवार धुऊन व कित्येक आठवडे वाळवून नव्याने इपॉक्सीचे थर द्यावे लागतात. हा विकार खर्चिक असला, तरी त्याने नौका बुडाल्याची उदाहरणे विरळाच. डेकची गळती अधिक घातक ठरते. जुन्या नौकांत सागवानी फळ्या डेकवर शेकडो स्क्रूंनी बसविलेल्या असतात. खालच्या दोन थरांमध्ये बाल्सासारखे हलके लाकूड असल्यास प्रत्येक सैल स्क्रूमधून पाणी उतरून ते कुजते. हेच पाणी खाली ठिबकून इंधनाच्या पोलादी टाक्या वरच्या बाजूने गंजविते. टाकी बदलण्यासाठी प्रसंगी एंजिन बाहेर काढावे लागते. काही रुपयांच्या लांबी-लेपाने टळणारे हे काम अशा वेळी नौकेच्या किंमतीशी स्पर्धा करू लागते.

तळावर शंख-शिंपले व शेवाळ धरू नये म्हणून विषारी रंग देतात. कथिलाचे कार्बनी संयुग असलेले रंग पूर्वी प्रभावी मानले जात, परंतु त्यांनी कालवे व गोगलगाई यांची अपरिमित हानी झाली. २००१ च्या व २००८ मध्ये अंमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये त्यांवर बंदी आहे. आता मुख्यतः तांब्याच्या ऑक्साइडाचे रंग वापरले जातात. ॲल्युमिनियमच्या तळाला मात्र ते चालत नाहीत.

एंजिन : या नौकांतील सावकाश फिरणारी डीझेल एंजिने योग्य निगा राखल्यास हजारो तास चालतात. ती बहुधा झिजून नव्हे, तर उष्णता, खारे पाणी व दीर्घ निष्क्रियता यांमुळे निकामी होतात. समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपातील रबरी पाती साधारणतः दरवर्षी बदलतात. तुटलेल्या पात्याचे तुकडे उष्णता विनिमयकात अडकण्यापूर्वी शोधून काढावे लागतात. उत्सर्जित वायूंत पाणी मिसळणारा बाक आतून गंजतो. तो फुटल्यास पाणी उलट सिलिंडरात जाते, म्हणून तो ठराविक वर्षांनी काढून पाहतात. प्रत्येक एंजिनाची काही खास गरज असते. उदा., ग्रँड बँक्स व तत्सम नौकांत सर्रास आढळणाऱ्या १२० अश्वशक्तीच्या फोर्ड-लेहमन एंजिनात इंधन-अंतःक्षेपण पंपाचे तेल वेगळे असून ते दर ५० तासांनी बदलावे लागते. निर्मात्याची पुस्तिका मिळविणे हे मालकाचे पहिले काम होय. इंधनाच्या टाकीत साचलेल्या पाण्यात सूक्ष्मजंतू वाढतात व भर समुद्रात हेलकाव्यांनी ढवळून निघालेला गाळ गाळण्या बुजवितो. यावर उपाय म्हणून टाकीचा तळ साफ करतात आणि पाणी वेगळे करणाऱ्या दोन गाळण्या अशा जोडतात की, एंजिन चालू असतानाच एक बदलता येईल.

जुने एंजिन काढून मोठे बसविण्याने वेग त्या प्रमाणात वाढत नाही. पाणी कापत जाणाऱ्या जड तळाचा जास्तीत जास्त किफायतशीर वेग जलरेषेच्या लांबीवर ठरतो. १२ मी. जलरेषेसाठी तो सु. ८·४ नॉट असतो. वेग ८ वरून ७ नॉटवर आणल्यास ताशी इंधन एक तृतीयांश वा त्याहून अधिक वाचते.

विद्युत् योजना : अनेक मालकांनी आपापल्या परीने जोडलेल्या तारा हे जुन्या नौकेतील आगीचे प्रमुख कारण आहे. निरुपयोगी तारा काढून टाकणे, कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची तार वापरणे, घटमालेपासून निघणाऱ्या प्रत्येक तारेला घटाजवळच वितळतार बसविणे व जोडणीचा नकाशा काढून ठेवणे हे किमान नियम होत. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलची यासंबंधीची मानके प्रमाण मानली जातात. शिशाच्या घटांऐवजी लिथियम-लोह-फॉस्फेट घट बसविल्यास वजन निम्म्याहून कमी होते. पण ते इतका मोठा प्रवाह ओढून घेतात की, एंजिनावरील जुने जनित्र तापून जळू शकते. म्हणून घटांबरोबर प्रभारण-नियंत्रकही बदलावा लागतो. एक भाग सुधारला की त्याच्याशी जोडलेले इतर भाग तपासणे, हा सुधारणेचा सर्वसाधारण नियम येथे स्पष्ट दिसतो.

आग व विषारी वायू : स्वयंपाकाचा गॅस व पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतात. म्हणून गॅसचा सिलिंडर बाहेर, खालून निचरा होणाऱ्या पेटीत ठेवतात. डीझेलची बाष्पे तितकी सहज पेटत नाहीत. १९९४ पूर्वीच्या नौकांतील हॅलॉन वायूचे अग्निशामक ओझोन-थरास घातक ठरल्याने विकसित देशांत त्या वर्षापासून त्या वायूचे नवे उत्पादन बंद झाले. पर्यायी वायू बसविताना आगीच्या वेळी एंजिन आपोआप थांबेल अशी योजना करतात, अन्यथा एंजिनच तो वायू शोषून बाहेर फेकते. झोपण्याच्या खोल्यांत कार्बन मोनॉक्साइडाची सूचना देणारे उपकरण असावे, कारण या वायूस रंग वा वास नसतो.

वजन व स्थैर्य : वातानुकूलन यंत्र, वरच्या मजल्यावरील छप्पर, सौर पट्ट्या, लहान होडी यांसारख्या एकेका सुधारणेने गुरुत्वमध्य वर सरकतो व नौका हेलकाव्यातून सावकाश परत येते. नौकेच्या डोलण्याचा आवर्तकाल पूर्वीपेक्षा वाढल्याचे आढळल्यास पुढील भर घालण्यापूर्वी नौका-अभियंत्याचा सल्ला घेणे इष्ट असते.

ऋतुमानानुसार निगा : थंड प्रदेशांत हिवाळ्यापूर्वी एंजिन व नळांतील पाणी काढून गोठणरोधक द्रव भरतात. पश्चिम भारतात हेच स्थान पावसाळ्याला आहे. कोकणात जूनपूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारतात. मुंबईतील विहारनौकाही त्याच सुमारास सुरक्षित जागी वा जमिनीवर नेल्या जातात. बंद नौकेत दमट हवेमुळे बुरशी व गंज झपाट्याने वाढत असल्याने वायुवीजन चालू ठेवणे आवश्यक असते.

नोंदी व निर्णय : एंजिनाचे तास, तेलाचा खप, तापमान, बदललेले भाग व तळात आढळलेले पाणी यांची तारीखवार नोंदवही ठेवावी. एखादा आकडा एकटा काही सांगत नाही, तो बदलत गेल्याचे मात्र वहीतूनच कळते. ज्या मालकाला आपल्या नौकेतील प्रत्येक झडप अंधारातही हाताला लागते, त्याची नौका सहसा बुडत नाही. तळाचा सांगाडा, टाक्या व एंजिन ही तिन्ही एकाच वेळी निकामी झाली असतील, तर नौका सोडून देणे शहाणपणाचे ठरते. यांपैकी दोन सुस्थितीत असल्यास क्रमाक्रमाने केलेली दुरुस्ती तिला आणखी एका पिढीचे आयुष्य देऊ शकते.