खेळाचे मैदान कोणाचे?

लहानपणी जो कोणी गल्लीत क्रिकेट खेळला असेल त्यास हे ठाऊक असेल की, त्या खेळाचे सारे नियम काही लॉर्ड्सच्या मैदानावरून येत नसत. एक टप्पा पडल्यावर एका हाताने झेल घेतला तरी फलंदाज बाद. चेंडू शेजारच्या गच्चीवर गेला तर ज्याने मारला त्यानेच तो आणावयाचा. असे कायदे मुलेच करीत आणि गरज पडेल तसे बदलीत. पलीकडच्या आळीत कायदे निराळे असत. जागा आमची आणि नियमही आमचे, ही गोष्ट इतकी स्वाभाविक होती की, तिच्याविषयी विचार करण्याची वेळच कधी आली नाही.

आजची मुले, आणि पुष्कळ मोठी माणसेही, संगणकाच्या पडद्यावर एकमेकांशी जे व्हिडिओ गेम खेळतात, त्यांच्या बाबतीत मात्र हा विचार करावा लागतो. मैदान कोणाचे आणि नियम बदलण्याचा अधिकार कोणाचा, हे दोन प्रश्न तेथे पदोपदी उभे राहतात. यांपैकी मैदानाला तेथे सर्व्हर म्हणतात आणि खेळाडूंनी खेळात केलेल्या फेरफाराला मॉड म्हणतात.

प्रथम सर्व्हर म्हणजे काय ते पाहू. दहा माणसे दहा ठिकाणी बसून एकच खेळ खेळत आहेत, अशी कल्पना करा. प्रत्येकाच्या पडद्यावर आपापले चित्र आहे. एक म्हणतो, मी आधी नेम साधला. दुसरा म्हणतो, मी. निकाल कोणी द्यावयाचा? यासाठी एका संगणकास पंच नेमलेले असते. खेळाडूंचे संगणक त्याला केवळ इतकेच कळवितात की, मी अमुक कळ दाबली. कोण कोठे आहे आणि कोणास काय लागले याचा हिशेब पंच करतो व सेकंदास अनेक वेळा तो सर्वांस धाडतो. हा पंच म्हणजेच सर्व्हर.

हा पंच कोठे बसतो यालाही महत्त्व आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईहून लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर; म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यास सेकंदाचा सत्तर-सहस्रांश भाग लागणारच, आणि प्रत्यक्षात तारा वळणे घेत जात असल्याने त्याहून पुष्कळ अधिक. चपळाईच्या खेळात एवढा विलंब हार-जीत ठरवितो. २००० नंतरच्या दशकात आपल्या शहरांतील सायबर कॅफेंमध्ये मुले गटागटाने काउंटर-स्ट्राइक खेळत, तेव्हा पंच त्याच खोलीतील एका संगणकात बसलेला असे. इंटरनेट मंद असले तरी खेळ अडत नसे. कंपनी परदेशातली असली तरी मैदान त्या खोलीत होते.

हे शक्य झाले ते खेळ करणाऱ्यांच्या एका निर्णयामुळे. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या संस्थेने १९९३ च्या डिसेंबरात डूम हा खेळ प्रसिद्ध केला. त्याचे प्रमुख प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी खेळ चालविणारे यंत्र आणि त्यात दिसणारी सामग्री वेगवेगळी ठेवली होती. नाट्यगृहाचा रंगमंच, दिवे आणि दोऱ्या कायम ठेवून पडदे, पोशाख आणि संहिता तेवढी बदलावी, तसा हा प्रकार. लोकांनी लगोलग नवे भुलभुलय्ये, नवी भुते आणि नवी हत्यारे तयार केली. १९९६ साली त्याच संस्थेने क्वेक हा खेळ आणला, तेव्हा नियमांचीच भाषा खेळाडूंच्या हाती दिली, आणि कोणालाही आपल्या संगणकावर सर्व्हर चालविता येईल अशी सोय केली.

याचे फळ काय मिळाले, ते काउंटर-स्ट्राइकच्या उदाहरणावरून दिसते. व्हॉल्व्ह या कंपनीचा हाफ-लाइफ हा खेळ १९९८ साली निघाला. त्यात फेरफार करून मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ साली हा नवा खेळ रचला. दोघेही त्या कंपनीचे नोकर नव्हते. खेळ फुकट वाटला गेला आणि खेळाडूंनीच चालविलेल्या सर्व्हरांवर तो पसरला. पुढे कंपनीने तो आपलासा केला, दोघांस कामावर घेतले, आणि २००० साली तो विकावयास आणला. वॉरक्राफ्ट या खेळाच्या तिसऱ्या भागासोबत नकाशे रचण्याचे साधन दिलेले होते. त्यातून खेळाडूंनी डोटा नावाचा खेळ घडविला. लीग ऑफ लेजेंड्स हा २००९ चा आणि डोटा-२ हा २०१३ चा, असे दोन जगप्रसिद्ध खेळ त्याच बीजापासून उगवले. पदरमोड करून रात्री जागविणाऱ्या हौशी मंडळींनी या उद्योगास जे दिले त्याचे मोल लहान नाही.

मग कंपन्या हे मैदान आपल्याच कुंपणात का घेऊ लागल्या? त्यांचीही बाजू आहे, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. खासगी सर्व्हरवर चोरून मिळविलेल्या प्रतीही चालू शकतात. लबाडी पकडणे अवघड होते. स्पर्धेत सर्वांस एकच नियम असावा, ही अपेक्षाही गैर नाही. पुन्हा, खेळाडूच्या हातचा पंच नेहमीच न्यायी असतो असे नाही. आपणास हरविणाऱ्यास हाकलून देणारे छोटे सुलतान तेथेही निपजतात. शिवाय पोशाख आणि अलंकार विकून पैसा मिळविण्याचा धंदा आता मोठा झाला आहे. जी वस्तू मॉड करणारा फुकट देईल ती विकत कोण घेणार?

कायद्यानेही बहुधा मालकाचीच बाजू घेतली. ड्यूक न्यूकेम या खेळासाठी लोकांनी रचलेले ३०० टप्पे एका व्यापाऱ्याने एकत्र करून विकले, तेव्हा १९९८ साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने त्यात मूळ मालकाच्या हक्काचा भंग मानला. ब्लिझर्ड कंपनीच्या सर्व्हरला पर्याय म्हणून काही स्वयंसेवकांनी बीनेटडी नावाचा सर्व्हर लिहिला होता. २००५ साली त्यांच्याही विरुद्ध निकाल लागला.

येथवर हा वाद हक्कांचा आणि पैशांचा वाटतो. परंतु मैदान एकाच्याच हाती असले म्हणजे काय होते, ते कळते तो मालक उठून जातो तेव्हा. युबिसॉफ्ट कंपनीचा द क्रू हा मोटारींच्या शर्यतींचा खेळ २०१४ साली निघाला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले. जे एकट्याने खेळत त्यांच्याही हातात काही उरले नाही, कारण त्या खेळास प्रत्येक वेळी सर्व्हरची अनुज्ञा लागे. दाम मोजून घेतलेली वस्तू घरात असून नाहीशी झाली. त्यातून रॉस स्कॉट यांनी चळवळ उभारली, आणि युरोपीय संघाकडे केलेल्या अर्जावर २०२५ साली दहा लाखांहून अधिक नागरिकांच्या सह्या झाल्या. आपण खेळ विकत घेतो की तो वापरण्याचा तात्पुरता परवाना, हा प्रश्न त्यामुळे सार्वजनिक चर्चेत आला.

याच्या उलट सिटी ऑफ हीरोजची कथा पाहा. एनसीसॉफ्ट कंपनीने हा खेळ ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद केला. काही खेळाडूंनी गुप्तपणे तो चालू ठेवला होता, हे २०१९ साली उघडकीस आले, आणि मग उघड सर्व्हर निघाले. कंपनीने खटला भरला नाही. २०२४ च्या जानेवारीत तिने होमकमिंग या खेळाडूंच्या मंडळास रीतसर परवाना दिला. डूमचा मूळ प्रोग्रॅम १९९७ साली आणि क्वेकचा १९९९ साली त्यांच्या कर्त्यांनीच खुला केला; म्हणून ते खेळ आजही नव्या संगणकांवर चालतात.

कोणत्याही कंपनीने तोट्यात सर्व्हर अखंड चालवावेत, असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही. सरकारी कचेरीत बदली झालेला अधिकारी कायमचा तेथे राहत नाही. पण जाण्यापूर्वी तो नोंदवह्या आणि किल्ल्या पुढच्याच्या हवाली करतो, आणि दोघांच्या सह्या होतात. कचेरीला कुलूप लावून किल्ली नदीत टाकण्याचा अधिकार त्यास नसतो. खेळाच्या मालकाकडूनही तेवढीच अपेक्षा आहे. आपण निघालात, तर सर्व्हर चालविण्याची विद्या मागे ठेवून जा. मैदान झाडण्यास आणि दिवे लावण्यास माणसे तयार आहेत.