एकट्याची मैफल, दोन स्पीकर: स्टिरिओ इफेक्ट आणि लूपरची मांडणी

मंडळी, तबल्याच्या सोलोला लेहरा वाजत राहतो, तो सगळ्यांनी ऐकलाय. लूपर म्हणजे आपणच वाजवलेला लेहरा. जागच्या जागी रेकॉर्ड करायचा, फिरत ठेवायचा आणि त्यावर वाजवायचं. कल्पना जुनी आहे. रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी १९७३ साली आलेल्या ‘नो पुसीफूटिंग’ या अल्बमसाठी दोन टेप रेकॉर्डर जोडून असे थर रचले होते. आज हे काम पायाखालचा पेडल करतो.

आता जोडणी बघा. गिटारची केबल आधी ट्यूनर, कंप्रेसर आणि ओव्हरड्राइव्हमध्ये. इथपर्यंत मोनो. पुढे कोरस, डिले, रिव्हर्ब. इथे डावी-उजवी अशा दोन वाटा फुटतात. शेवटी स्टिरिओ लूपर, तिथून दोन डीआय बॉक्स आणि मिक्सरवर दोन चॅनेल.

लूपर शेवटी का? रेकॉर्ड झालेला थर मग जसाच्या तसा राहतो. पुढे सोलोसाठी ओव्हरड्राइव्ह दाबला, तरी खालचा लूप स्वच्छच. लूपर ओव्हरड्राइव्हच्या आधी असेल, तर सगळे थर त्यात एकदम शिरतात आणि आवाजाचा चिखल होतो.

दुसरा प्रश्न सभागृहाचा. डाव्या कोपऱ्यातल्या श्रोत्याला मुख्यतः डावाच स्पीकर ऐकू येतो. तुमची मुख्य धून फक्त उजवीकडे असेल, तर त्याच्या वाट्याला काय आलं? म्हणून धून, ताल, खर्ज मध्यभागी ठेवा. डिले आणि रिव्हर्बची शेपटीच पसरू द्या. शिवाय साउंड सिस्टिम मोनो निघाली तर? एका बाजूला १० मिलिसेकंद उशीर देऊन आवाज रुंद केला असेल, तर दोन्ही बाजू एकत्र येताच ५०, १५०, २५० हर्ट्झ असे स्वर एकमेकांना खोडतात. आवाज पोकळ होतो. तेव्हा तालमीतच एकदा मोनो करून ऐका.

तिसरी गोष्ट, सम. १६ मात्रांचा लूप, मिनिटाला १२० मात्रांची लय, म्हणजे ८ सेकंद. पेडल सोळाव्या मात्रेवर दाबायचा नाही, पुढच्या समेवर दाबायचा. पाय जरा उशिरा पडला, तर तो अडखळा दर आवर्तनात परत येणार. डिलेही लयीतच लावा: एका मात्रेला ५०० मिलिसेकंद.

शेवटचं, पातळी. सारख्या जोराचे, वेगवेगळे वाजवलेले थर दुप्पट झाले, की आवाज साधारण ३ डेसिबलने चढतो. आठ थरांना ९ डेसिबल! सोलो त्याखाली बुडतो. म्हणून पहिला थर हलका वाजवा आणि लूपची पातळी थोडी खालीच ठेवा. साउंड चेकलाही एकटी गिटार ऐकवून थांबू नका. सगळे थर चढवा, वर सोलो वाजवा, आणि कुणाला तरी डाव्या कोपऱ्यात बसवून विचारा, धून ऐकू येतेय का?

आता प्रश्न घेऊ या.