रंगाला भुलू नका
चऱ्होली-आळंदी पट्ट्यात इंद्रायणीत टाकलेलं पाच रुपयांचं जुनं, जाड नाणं गाळातून लालसर होऊन निघालं, की ‘चुकीच्या धातूचं’ म्हणून भाव सांगितला जातो. ते 9 ग्रॅमचं असतं: 75 टक्के तांबं, 25 टक्के निकेल. ओलाव्यात पृष्ठभाग गंजतो, तांब्याची लाली वर येते; एवढंच. टांकसाळीची चूक आकारात, उठावात दिसते: मध्यापासून सरकलेला ठसा, कडेला चंद्रकोरीएवढा कमी धातू. उठावदार रेघ असेल तर साच्याला तडा गेलेला. खोल असेल तर निव्वळ ओरखडा. सालाखालचा छोटा हिरा तर चूक नव्हेच, ती मुंबई टांकसाळीची खूण. आणि हो, चिंचेनं घासू नका. चकचकीत केलेल्या नाण्याची किंमत घटते.