मासे, दूध आणि कोड : एका जर्मन सुपाच्या निमित्ताने

“मासे खाल्लेस ना, मग आज दूध नाही. अंगावर कोड येईल.” हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकले आहे, आणि आता आपणच ते मुलांना ऐकवतो. म्हणून या वेळी अशा एका पदार्थाबद्दल लिहिते, ज्यात मासे, लोणी आणि साय एकाच पातेल्यात शिजतात.

जर्मनीच्या उत्तरेला समुद्र आहे. हॅम्बुर्ग, ब्रेमरहाफेन, ब्यूझुम ही तिकडची मासळीची बंदरे. हॅम्बुर्गचा रविवारचा मासळीबाजार तर १७०३ पासून भरतो. थंडी कडाक्याची, हिवाळ्यात ऊन नावाला. अशा मुलखात पोटात ऊब राहावी म्हणून जे सूप होते त्याला ते ‘फिशझुपे’ म्हणतात, म्हणजे सरळ माशाचे सूप. ब्यूझुमकडे त्यात बारीक कोळंबी घालतात. ती होडीवरच समुद्राच्या पाण्यात उकडून आणलेली असते.

करण्याची रीत साधी आहे. तिथल्या भाजीबाजारात सुपासाठी गाजर, पातीच्या कांद्यासारखी जाड ‘लीक’, सेलरीचा कंद आणि पार्सली यांची जुडीच बांधून मिळते. ती चिरून लोण्यावर परततात, वर थोडा मैदा घालून भाजतात, मग माशाच्या काट्यांचे उकळलेले पाणी आणि बटाट्याच्या फोडी. कॉडसारख्या पांढऱ्या, कमी काट्यांच्या माशाचे तुकडे अगदी शेवटी पडतात. लिटरभर सुपाला साधारण २०० मिलिलिटर साय, आणि वरून बारीक चिरलेला शेपू. हो, शेपूच! तिकडे त्याला ‘डिल’ म्हणतात. आपल्याकडे शेपू म्हटले की पोरे नाक मुरडतात. तिकडे माशाबरोबर शेपू नसेल तर जेवण अपुरे वाटते.

आता कोडाचे. आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशी असतात. त्या नष्ट झाल्या की तिथे पांढरा डाग पडतो, तेच कोड. बहुतेक वेळा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्या पेशींवर उलटते. घराण्यात कोणाला असेल तर शक्यता थोडी वाढते. जगात कुठेही गेलात तरी शंभरात साधारण एकाला ते असते. मासे खाणाऱ्यांत असते, कधीच न खाणाऱ्यांतही असते. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड येत असते, तर उत्तर जर्मनीत पिढ्यान्‌पिढ्या गावेच्या गावे डागांची झाली असती. कोणी म्हणेल, ते मुळातच गोरे, डाग दिसणार कसे? उन्हाळ्यात त्वचा रापली की तिथेही कोड स्वच्छ दिसते, आणि डॉक्टरांना तर एरवीही ओळखता येते. इतके लांब जायलाही नको. बंगालमध्ये दह्यातला मासा हा घरचा नेहमीचा पदार्थ आहे.

मासे आणि दूध हा विरुद्ध आहार असल्याचे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत लिहिलेले आहे, तिथून ही समजूत पक्की झाली. जुन्या ग्रंथात आहे म्हणून खरे मानायचे नाही, हे आपल्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

या समजुतीची किंमत कोण मोजते ते मी वस्त्यांमध्ये पाहिले आहे. मुलीच्या ओठाजवळ डाग आला की पहिला प्रश्न आईला, “तू हिला काय खाऊ घातलंस?” औषधाआधी आरोप येतो, आणि उपचाराचे पहिले महिने त्यातच जातात. कोड संसर्गाने पसरत नाही. ते कुष्ठरोगही नाही. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात लवकर दाखवले तर औषधाचा उपयोग जास्त होतो. मात्र डाग फिकट असून तिथे स्पर्श कळत नसेल, बधिरपणा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. त्याची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो. दुसरी किंमत बाळंतीण आणि क्षयरोगी मोजतात. घरात आज मासे आले म्हणून त्यांचे दूध बंद! ज्यांना प्रथिनांची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच ताटातून एक वस्तू उचलली जाते.

मग मासे खाऊन अंगाला खाज सुटते, तोंड लाल होते, ते काय? ते खरे आहे, पण दोष दुधाचा नाही. बांगडा, कुपा, सुरमई असे मासे बर्फाविना उन्हात पडून राहिले की त्यांत जिवाणू वाढतात आणि हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. शिजवल्याने ते जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात चेहरा तापतो, खाज येते, डोके दुखते, जुलाब होतात. बहुधा काही तासांत उतरते; पण श्वास लागला किंवा ओठ-जीभ सुजली तर घरात थांबू नका, थेट दवाखाना गाठा. संध्याकाळी उरलेला वाटा स्वस्त पडतो म्हणून आपण घेतो, त्यात कमीपणा नाही. फक्त कल्ले उचलून बघा, ते लाल हवेत. बोट दाबले तर मांस परत वर आले पाहिजे. वासाने शंका आली तर फुकट मिळाला तरी नको. ज्यांना दूधच पचत नाही त्यांचे पोट मात्र कशाहीबरोबर बिघडेल, ती गोष्ट वेगळी.

आता आपल्या चुलीवर. चार माणसांना अर्धा किलो मासे. चिलापी, मरळ, रावस, जे परवडेल ते. रोहू-कटला चालतात, पण काटे बघून. डोके आणि मधला काटा वेगळा काढा, कल्ले टाकून द्या नाहीतर कडवट होते. पाच कप पाण्यात हे डोके-काटे, चार मिरी आणि एक तमालपत्र घालून मंद आचेवर २० मिनिटे ठेवा आणि गाळा. दुसऱ्या पातेल्यात दोन चमचे तेल किंवा लोणी, त्यात कांद्याच्या पातीचा पांढरा भाग आणि एक गाजर परता. दोन चमचे मैदा किंवा गव्हाचे पीठ घालून मिनिटभर भाजा, लाल होऊ देऊ नका. गाळलेले पाणी थोडे थोडे घालत ढवळा म्हणजे गुठळ्या होत नाहीत. दोन बटाट्यांच्या फोडी त्यात मऊ शिजवा, मग कपभर गरम दूध.

इथून पुढे उकळी नको. माशाचे तंतू आखूड असतात, त्यांना मटणासारखे तासभर शिजवावे लागत नाही. खदखदले की तुकडे फुटतात आणि मांस कोरडे पडते. मंद आचेवर पाच ते सात मिनिटांत तुकडा पांढरा होऊन पाकळ्या सुटतात, तो झाला. अर्धी वाटी साय फेटून घाला, मूठभर शेपू, मीठ, मिरपूड. लिंबू पिळायचे ते पातेले खाली उतरवल्यावर, आणि अर्धेच. आचेवर पिळाल तर दूध फाटेल. पीठ असल्यामुळे सूप सहसा धरून राहते. जर्मन लोक काही वेळा यात पांढरी वाइन घालतात. तिचे काम आंबटपणाचे, ते लिंबाने भागते.

आजाऱ्याला देताना एक गोष्ट पाहा. वॉर्डात नातेवाईक सूप आणायचे आणि वरचे पाणी तेवढे पाजून तुकडे घरी परत न्यायचे. सुपाची ताकद पाण्यात असते असे वाटते, पण ती तुकड्यांत असते. १०० ग्रॅम माशात साधारण १८ ते २० ग्रॅम प्रथिने असतात, गाळलेल्या पाण्यात फारच थोडी. चावता येत नसेल तर तुकडे कुस्करून त्यातच मिसळा. लहान मुलाला देण्याआधी प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपा, काटा डोळ्यांना दिसत नाही.

जर्मन साय ३० टक्के स्निग्धांशाची, म्हणजे २०० मिलिलिटरमध्ये ६० ग्रॅम चरबी. क्षयरोगाने वाळलेल्या माणसाला साय चांगली. हृदयविकार किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल असेल तर साय वगळा, दुधावरच करा. रक्तदाबवाल्यांचा वाटा मीठ घालण्याआधी बाजूला काढा. दिवसभराचे सगळे मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा. मधुमेह असेल तर बटाटा एकच घाला आणि बरोबर भात नको. ज्याला माशांची ॲलर्जी आहे त्याला हे सूप अजिबात नाही, चवीपुरतेही नाही.

फ्रिज नसलेल्या घरात हे एका जेवणापुरतेच करा. मासे आणि दूध दोन्ही लवकर नासणारे, उन्हाळ्यात दोन तासांपलीकडे बाहेर ठेवू नका. फ्रिज असेल तर दुसऱ्या दिवशी लागेल तेवढेच काढून मंद आचेवर वाफा येईपर्यंत नीट गरम करा.