डोहाळजेवणाचे निमंत्रण कसे लिहावे?

(द्वितीय वर्ष, कला)

"एवढी बी.ए.ला आहेस, तर चार ओळी लिहून दे की!" असे म्हणून बाबांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. वहिनीला सातवा महिना लागला होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे वीजबिलाच्या तक्रारीपासून सत्यनारायणाच्या बोलावण्यापर्यंत सारे लेखन माझ्याकडे येते. मला वाटले, चार ओळींना कितीसा वेळ लागणार? प्रत्यक्षात तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत जे शिकले, ते येथे मांडत आहे. वाचकांपैकी कुणावर ना कुणावर हे काम येणारच आहे!

पूर्वी या समारंभाला छापील पत्रिका नसे. घरातली एखादी मुलगी हळदकुंकवाची कुयरी घेऊन दारोदार जाई आणि तोंडी बोलावणे करून येई. आमच्या गावी अजूनही तसेच चालते. पण मीरा रोडला नातेवाईक विरारपासून डोंबिवलीपर्यंत विखुरलेले. तेव्हा पन्नास पत्रिका छापायच्या आणि बाकीच्यांना मोबाईलवर पाठवायच्या, असे ठरले. तोंडी बोलावण्यात शब्द चुकला तर हसून सावरता येते. छापलेला शब्द मात्र तसाच राहतो, म्हणून तो जपून निवडावा लागतो.

आधी 'डोहाळे' या शब्दाकडे पाहू. तो संस्कृतातील 'दोहद' या शब्दाशी जोडला जातो. सुश्रुतसंहितेत गर्भवतीला 'दौहृदिनी' म्हटले आहे. म्हणजे दोन हृदयांची, एक तिचे स्वतःचे आणि एक बाळाचे. तिची इच्छा अव्हेरू नये, असेही तेथे बजावले आहे. कालिदासाच्या 'रघुवंशा'त तिसऱ्या सर्गाच्या आरंभी सुदक्षिणा राणीचे डोहाळे आहेत. तिला माती खावीशी वाटते! रामायणातल्या सीतेला गंगातीरावरचे आश्रम पाहण्याचे डोहाळे लागले आणि त्याच निमित्ताने तिला वनात सोडण्यात आले. डोहाळे पुरवण्याच्या नावाखाली झालेला एवढा मोठा अन्याय दुसरा नसेल. तात्पर्य, हा समारंभ त्या स्त्रीच्या इच्छेचा आहे. निमंत्रण लिहिणाराने हे ध्यानात ठेवले की निम्मे काम झाले.

आता प्रत्यक्ष मजकूर. आरंभी '॥ श्री ॥' किंवा कुलदेवतेचे नाव. मग 'सप्रेम नमस्कार वि. वि.', म्हणजे 'विनंती विशेष'. पुढे जिचे डोहाळजेवण तिचे नाव. येथे एक चूक सर्रास होते. लग्नपत्रिकेची नक्कल करताना लोक नावाआधी 'चि. सौ. कां.' छापतात. 'सौभाग्यकांक्षिणी' म्हणजे सौभाग्याची इच्छा करणारी, अर्थात नियोजित वधू. जिला सातवा महिना आहे तिला हे कसे लागू पडेल? नुसते 'सौ.' पुरे. तिला आवडत नसेल तर तेही नको, नाव तेवढे लिहावे. 'गरोदर' शब्द घालण्याची गरज नाही, 'डोहाळजेवण' या शब्दातच सारे आले.

बोलावणारे कोण, हे स्पष्ट हवे. कार्यक्रम सासरचा असेल तर 'आमची सून', माहेरचा असेल तर 'आमची मुलगी'. पुष्कळदा दोन्हीकडे समारंभ होतो. मग पाहुण्यांचा गोंधळ होऊन ते भलत्याच तारखेला हजर होतात. वार, तारीख, वेळ आणि स्थळ स्वतंत्र ओळीत लिहावे. 'सायंकाळी' असे मोघम न लिहिता 'दुपारी ४ ते ७' असे लिहावे, कारण दोन जीवांच्या बाईला रात्री दहापर्यंत फुलांच्या वाड्या घालून बसवणे बरे नव्हे. मीरा रोडला पत्त्यात 'पूर्व' लिहायला विसरू नये, आणि जवळची खूणही द्यावी. आमच्या शांतीनगरात इमारती इतक्या सारख्या दिसतात की माझा सख्खा मामा एकदा दुसऱ्याच घरी चहा पिऊन आला होता.

जेवण असेल तर 'जेवण', फराळ असेल तर 'फराळ' असे लिहावे. लोक त्याप्रमाणे घरून निघतात. पुरुषांना बोलावणे आहे की नाही, तेही कळले पाहिजे. 'सहकुटुंब' लिहिले की सगळे येणार. आहेर नको असेल तर तसे सरळ लिहावे, यात काही कमीपणा नाही.

छापखान्यातल्या नमुन्यांत आणखी एक ओळ आढळते, पुत्ररत्नाचा आशीर्वाद देण्याची. ती काढून टाकावी. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा कायदा १९९४ साली आला. कायदा एवढा जुना झाला तरी पत्रिकेतून पुत्राची मागणी चालूच आहे. झाकलेल्या दोन वाट्यांतून पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी, हा खेळ गमतीपुरता ठीक. पण छापील मागणी ही गंमत नव्हे. 'सुखरूप बाळंतपणासाठी आशीर्वाद द्यावेत' एवढे लिहिले तर सगळे आले.

शेजारपाजारचाही विचार करावा. आमच्या मजल्यावर गुजराती, उत्तर प्रदेशातले आणि मुसलमान अशी कुटुंबे आहेत. गुजरात्यांकडे या समारंभाला 'सीमंत' म्हणतात. सोळा संस्कारांतल्या 'सीमंतोन्नयना'चे ते नाव. उत्तरेकडचे लोक 'गोदभराई' म्हणतात. शेजाऱ्यांना मराठी पत्रिका हातात देऊन तोंडी दोन शब्द हिंदीत सांगितले की पुरते. सगळ्यांना ही रीत ठाऊक आहे, फक्त नावे वेगळी.

एवढे सारे लिहून पहिल्या रात्री मी मजकूर सर्वांना वाचून दाखवला. शेवटची ओळ नमुन्यातून उचललेली होती: 'सर्व सुवासिनींनी ओटी भरण्यास अगत्य यावे.' बाबा म्हणाले, "झकास!" थोरली काकू उठली आणि म्हणाली, "छान लिहिलंस गं. त्या दिवशी आतलं मी बघेन, तुम्ही बाहेर बसा."

काका जाऊन नऊ वर्षे झाली. आई कामावर जायची तेव्हा दादाला आणि मला काकूनेच वाढवले. वहिनीला पहाटे उलट्या व्हायच्या तेव्हा पाठीवर हात फिरवायलाही तीच असे. आणि मी एका शब्दाने तिला स्वयंपाकघरात पाठवले होते! मला रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी 'सुवासिनींनी' खोडून 'भगिनींनी' लिहिले. आजीला ते पटले नाही. ती स्वतः तिसाव्या वर्षी विधवा झालेली. "मी कुणाची ओटी भरली नाही, माझं काय बिघडलं?" ती म्हणाली. मी तिला सांगितले, की कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या कुप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. आजी म्हणाली, "ते त्यांच्या गावात." माझी विद्या तेथे संपली.

तिसऱ्या दिवशी वहिनीच बोलली. "आजी, मला आतापर्यंत चिंच, कैरी, काय काय विचारलंत. माझा एकच डोहाळा आहे. पहिली ओटी काकूंनी भरावी." डोहाळा मोडायचा नसतो, हे आजीनेच आम्हाला शिकवलेले! ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नारळ चांगला बघून आणा."

राहिला नावाचा प्रश्न. निमंत्रकांत काकूचे नाव घालताना बाबांनी 'गं. भा.' सुचवले. 'गंगा भागीरथी' ऐकायला पवित्र वाटते, परंतु त्यातून नवरा नाही एवढेच कळते. २०२३ साली 'विधवा' शब्दाऐवजी 'गं. भा.' वापरण्याचा प्रस्ताव राज्य सरकारात निघाला, तेव्हा त्यावर टीका झाली ती याचसाठी. आम्ही 'श्रीमती' लिहिले. शेवटी छापला तो मजकूर असा:

॥ श्री ॥
सप्रेम नमस्कार वि. वि.
आमची सून सौ. ––– हिचे डोहाळजेवण दि. ––– रोजी दुपारी ४ ते ७ या वेळात योजिले आहे. तरी सर्व भगिनींनी येऊन तिची ओटी भरावी, सुखरूप बाळंतपणासाठी आशीर्वाद द्यावेत व फराळ करून जावे, ही विनंती. आहेर आणू नये. लोभ आहेच, तो वाढावा.
आपले नम्र,
आजी, श्रीमती थोरली काकू, आई, बाबा

(रिकाम्या जागी व नात्यांच्या जागी आपापली नावे घालावीत.)

समारंभाच्या दिवशी दोन नातेवाईक बायका ओटी न भरताच गेल्या, हेही सांगितले पाहिजे. काकूचा हात पहिल्यांदा थरथरला आणि थोडे तांदूळ खाली सांडले. आजीने ते एकेक करून वेचले आणि वहिनीच्या पदरात टाकले.