साभार परत

पुस्तकावर ज्याचे नाव कुठेही छापले जात नाही अशा माणसाच्या टेबलावर पहिल्या कादंबरीचे भवितव्य बहुतेक वेळा ठरते. लंडनच्या प्रकाशनसंस्थांत त्याला ‘रीडर’ म्हणतात. टपालाने आलेली बाडे चाळायची, चार ओळींचा शेरा मारायचा आणि ठेवायचे की परत पाठवायचे ते सुचवायचे, एवढेच त्याचे काम. लेखक नवखा असेल, विषय खपाऊ नसेल किंवा वर्षाची यादी भरलेली असेल, तर लेखनाच्या गुणदोषांची चर्चा होण्याआधीच बाड परतीच्या वाटेला लागते. पुढे तेच पुस्तक गाजले की किती जणांनी नाकारले होते याचा आकडा चवीने सांगितला जातो. आकड्यापेक्षा बाड कोणाच्या हातून कोणाकडे गेले हे पाहिले, तर जास्त कळते. इंग्रजीत लिहिणाऱ्या दोन भारतीयांच्या पहिल्या कादंबऱ्या 1935 या एकाच वर्षी लंडनमध्ये निघाल्या. त्या दोन्हींचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे.

पहिली आर. के. नारायण यांची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’. म्हैसूरच्या या पदवीधराने शिक्षकाची नोकरी थोड्याच दिवसांत सोडली आणि लेखनावर जगायचे ठरवले. त्या काळात, त्या घरात हा निर्णय वेडेपणाचाच वाटला असणार. 1930 च्या विजयादशमीला त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि मालगुडी हे गाव कागदावर उभे राहिले. पुढे बाड बोटीच्या टपालाने लंडनला जाऊ लागले आणि परत येऊ लागले. उत्तराची वाट पाहण्यातच महिने जात. घरखर्चाला हातभार म्हणून नारायण मद्रासच्या ‘जस्टिस’ या पत्राची बातमीदारी करत होते. हे पत्र ब्राह्मणेतर चळवळीचे आणि बातमीदार अय्यर घराण्यातला, हा योगही गमतीचाच.

म्हैसूरचा त्यांचा मित्र किट्टू पूर्णा तेव्हा ऑक्सफर्डला शिकत होता. नकारांना कंटाळून नारायण यांनी त्याला कळवले, की बाडाला दगड बांध आणि थेम्स नदीत बुडव. पूर्णाने ते ऐकले नाही. त्याने बाड ग्रॅहॅम ग्रीन यांना नेऊन दाखवले. ग्रीन त्या वेळी ऑक्सफर्डमध्येच राहत होते आणि त्यांचे स्वतःचे नाव नुकते कुठे होऊ लागले होते. त्यांच्या शिफारशीवरून हॅमिश हॅमिल्टन यांनी ऑक्टोबर 1935 मध्ये पुस्तक काढले. ‘स्वामी, द टेट’ हे मूळ नाव बदलून आजचे नाव आले तेही ग्रीन यांच्या सूचनेवरून. लेखकाचे लांबलचक नारायणस्वामी हे नावही त्यांच्याच सल्ल्याने आटोपशीर झाले.

एकदा छापून आले की प्रश्न मिटला, हा समज इथे खोटा ठरतो. परीक्षणे बरी आली, पण पुस्तक खपले नाही. हॅमिल्टन यांनी पुढची कादंबरी घेतली नाही. ‘द बॅचलर ऑफ आर्ट्स’ 1937 मध्ये नेल्सनने काढली, तर ‘द डार्क रूम’ पुढच्या वर्षी मॅकमिलनने. तीन कादंबऱ्या आणि तीन प्रकाशक. दर वेळी मध्यस्थीला ग्रीनच. महायुद्धात लंडनची वाट बंद झाल्यावर नारायण यांनी 1942 मध्ये म्हैसूरला ‘इंडियन थॉट पब्लिकेशन्स’ ही स्वतःची संस्था काढली. लंडनच्या होकारावर कायम अवलंबून राहायचे नाही, हा त्यांचा निर्णय पहिल्या चिकाटीइतकाच महत्त्वाचा होता, पण त्याची चर्चा कमी होते. मराठी घरांत मालगुडी पोहोचले ते बरेच नंतर, 1986 च्या सुमारास दूरदर्शनवरून. धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची रेखाटने मात्र मुंबई-पुण्याच्या वाचकांच्या आधीच ओळखीची होती.

दुसरी कादंबरी मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’. नारायण यांच्यापुढे अंतराची अडचण होती. आनंद लंडनमध्येच होते, तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळवलेले होते आणि तिथल्या साहित्यवर्तुळात त्यांची ऊठबसही होती. अडचण विषयाची होती. बखा या तरुण सफाई कामगाराचा एक दिवस, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत, एवढाच कादंबरीचा आवाका. शौचकूप झाडणे, टोपलीत टाकलेली भाकर, चुकून झालेल्या स्पर्शावरून भर रस्त्यात बसलेली चपराक हे सगळे त्यात थेट येते. अशा विषयावर पैसा घालायला प्रकाशक धजेनात. आनंद यांच्याच सांगण्यानुसार एकोणीस जणांनी बाड परत केले आणि ते खचून गेले. साबरमती आश्रमात राहून त्यांनी गांधीजींना ते वाचून दाखवले आणि बरेच गाळले, असेही ते सांगत.

शेवटी ऑस्वेल ब्लेकस्टन या कवीने बाड विशार्ट या डाव्या विचारांच्या छोट्या संस्थेकडे नेले. ई. एम. फॉर्स्टर प्रस्तावना लिहिणार असतील तर छापतो, असे ठरले. फॉर्स्टर यांनी ती लिहिली आणि घाणीबद्दलचा आक्षेप त्यांनी प्रस्तावनेत आधीच निकालात काढला. आजचा वाचक या प्रस्तावनेकडे जरा अवघडून पाहतो. दलित माणसावरची कादंबरी, लिहिणारा दलित नाही आणि तिची जामीनकी घेणारा इंग्रज! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. बखापुढे कादंबरीच्या अखेरीस मिशनरी, गांधीजी आणि फ्लशचे संडास असे तीन पर्याय येतात; येवल्याचा मार्ग त्यांत नाही. आनंद पुढे भारतात परतले, मुंबईत ‘मार्ग’ हे कलाविषयक नियतकालिक त्यांनी सुरू केले आणि 2004 मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

गोऱ्या लेखकांची गतही फार वेगळी नव्हती. विल्यम गोल्डिंग हे सॉल्झबरीचे शाळामास्तर. त्यांच्या ‘स्ट्रेंजर्स फ्रॉम विदिन’ या बाडाची पाने अनेक प्रकाशकांकडे फिरून पिवळी पडली होती आणि कोपरे दुमडले होते. असे बाड हातात आले की आधीच्या नकारांचा हिशेब रीडरला न सांगता कळतो. फेबर अँड फेबरच्या रीडरने रटाळ आणि निरर्थक असा शेरा मारला. चार्ल्स मॉन्टिथ हा वकिली सोडून नुकताच संपादनाकडे वळलेला माणूस. त्याने परतीच्या गठ्ठ्यातून ते उचलले आणि पहिली काही पाने ओलांडून पुढे वाचत राहिला. सुरुवातीचे अणुयुद्धाचे वर्णन त्याने काढायला लावले, सायमन या पात्राभोवतीचे गूढ वलय कमी करवले. कादंबरीचे नवे नाव एका सहकाऱ्याने सुचवले. 1954 मध्ये ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ निघाली आणि 1983 मध्ये गोल्डिंग यांना नोबेल मिळाले. तरीही ती रीडर अगदीच आंधळी नव्हती, असे म्हणावे लागते. तिने नाकारलेले बाड आणि जगाने वाचलेली कादंबरी तंतोतंत एक नाहीत. अगाथा ख्रिस्तींच्या पहिल्या रहस्यकथेचेही तसेच झाले. जॉन लेन यांनी कोर्टातला शेवट बदलायला लावला आणि मगच ती स्वीकारली.

पदरमोड हा आणखी एक मार्ग. मार्सेल प्रूस्तने 1913 मध्ये आपल्या महाकादंबरीचा पहिला खंड ग्रासे या प्रकाशकाकडून स्वखर्चाने छापून घेतला. ज्या संस्थेने ती नाकारली होती, तिथल्या आंद्रे जीदने पुढच्याच वर्षी पत्र लिहून माफी मागितली. मराठीत सुरुवातीला हा दरवाजा वेगळ्या जागी होता, कारण कादंबरी आधी नियतकालिकात क्रमशः येई. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ 1885 मध्ये ‘पुणे वैभव’मधून येऊ लागली आणि 1890 मध्ये त्यांनी स्वतःच ‘करमणूक’ काढले. संपादकच लेखक असला की साभार परत करणार कोण?

या साऱ्या हकिगती शेवटी छापल्या गेलेल्यांच्या आहेत, हे विसरता येत नाही. न्यू ऑर्लिन्सच्या जॉन केनेडी टूलची ‘अ कॉन्फेडरसी ऑफ डन्सेस’ छापल्या गेलेल्या आणि न गेलेल्या बाडांच्या मधोमध उभी आहे. न्यूयॉर्कच्या सायमन अँड शुस्टरशी त्याचा दीर्घ पत्रव्यवहार झाला, दुरुस्त्या झाल्या, होकार आला नाही. 1969 मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. त्यानंतरची चिकाटी त्याची आई थेल्मा हिची. प्रकाशकांचे नकार पचवत तिने कादंबरीकार वॉकर पर्सी यांचा पिच्छा पुरवला. टाळावे म्हणून वाचायला घेतलेले बाड पर्सींना सोडवेना. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी प्रेसने 1980 मध्ये ते छापले आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळाले. टूलने सोळाव्या वर्षी लिहिलेली, म्हणजे खऱ्या अर्थाने पहिली असलेली कादंबरी ‘द निऑन बायबल’ 1989 मध्ये निघाली.