आजोबांच्या महाधमनीचं दुसरं ऑपरेशन: जुनी फाईल फोनमध्ये का हवी?

महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी रक्ताची मेन पाईपलाईन. पोटात ती साधारण २ सेंटीमीटर रुंद असते. फुगून ३ सेंटीमीटर किंवा जास्त झाली, की त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. बहुतेकदा त्रास काहीच होत नाही, पण हा फुगा फुटला तर जीव वाचवणं अवघड. म्हणून साधारण ५.५ सेंटीमीटरला (बायकांमध्ये ५ ला) डॉक्टर ऑपरेशनचा विचार करतात.

पण महाधमनीचं एक ऑपरेशन आधीच झालं असेल तर?

मी छत्रपती संभाजीनगरात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. आमच्याकडे दुसऱ्याने पॅच मारलेल्या कोडला हात लावण्याआधी काय बदललं होतं ते बघतात. इथेही तेच.

धोका कुठे वाढतो?

- पोट पुन्हा उघडताना: आतडी, शिरा, मूत्रवाहिनी जुन्या जखमेला चिकटलेल्या असतात. त्यांना इजा होऊ शकते, रक्त जास्त जातं.
- मज्जारज्जू: छातीतल्या ऑपरेशनमध्ये त्याला रक्त देणाऱ्या काही धमन्या बंद झालेल्या असू शकतात. आता पोटातल्याही गेल्या, तर पाय लुळे पडण्याची भीती वाढते.
- जुनी कृत्रिम नळी: तिला जंतुसंसर्ग किंवा जोडाशी नवा फुगा असू शकतो.

आईन्स्टाईनच्या अ‍ॅन्युरिझमभोवती १९४८ साली सर्जन निसेन यांनी सेलोफेन गुंडाळला होता. १९५५ मध्ये तो फुटला, तेव्हा त्यांनी दुसरं ऑपरेशन नाकारलं. जांघेतून स्टेंट ग्राफ्ट सरकवण्याची पद्धत अर्जेंटिनाच्या हुआन पारोडी यांनी १९९० मध्ये वापरली. यात पोट उघडावं लागत नाही, पण जुनी नळी कुठे, किती रुंद आहे हे आधी कळावंच लागतं.

आता फोन काढा

१. डिस्चार्ज कार्डासोबत ऑपरेशन नोट मागा आणि स्कॅन करा. बसवलेल्या ग्राफ्टचं कार्ड किंवा स्टिकरही.
२. सीटी स्कॅनच्या फिल्मचा फोटो पुरेसा नाही. सीडीतल्या डायकॉम फाईल्स कॉपी करा. त्यात शेकडो काप असतात आणि सर्जन त्यावरच मिलिमीटरमध्ये मापं घेतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की हे सगळं जातं.
३. आजोबांचा १४ अंकी आभा नंबर काढून रिपोर्ट त्याला जोडा.

आणि अशा पेशंटला पोटात किंवा पाठीत अचानक जोरात दुखलं, चक्कर आली, तर गूगल करत बसू नका. थेट १०८ लावा. फाईल रस्त्यात उघडता येईल.